जापचेचा गठ्ठा होतो, फ्रिजमध्ये रबर होतं: नेमकं कुठे बिघडतं

घरी जापचे, म्हणजे भाज्या आणि मांस घातलेल्या कोरियन नूडल्स, करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नूडल्स एकमेकींना चिकटून एकच गठ्ठा झाला. बाहेरून बुळबुळीत, आतून कच्च्या राहिल्या. रंग आला पण चव आली नाही. वाढेपर्यंत भांड्याच्या तळाशी पाणी सुटलं. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारी: रात्री झकास झालं होतं, सकाळी फ्रिजमधून काढलं तर चावता चावेना.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींच्या मुळाशी पाण्याचा हिशोब चुकलेला असतो. नूडल्सना हवं तेवढं पाणी वेळेवर मिळत नाही आणि भाज्यांत नको तेवढं उरतं. खालचे उपाय हा हिशोब डोक्यात ठेवून वाचा, म्हणजे आपल्याकडे काय चाललंय ते ओळखणं सोपं जाईल.

सगळ्यात आधी पाकीट बघा

जापचेला लागतात त्या दांगम्यॉन, म्हणजे रताळ्याच्या स्टार्चच्या कोरियन नूडल्स. कोरड्या असताना करड्या रंगाच्या, लांब आणि ताठ. शिजल्या की काचेसारख्या आरपार दिसतात आणि ओढलं तर ताणल्या जातात. पाकिटावरच्या घटकांत रताळ्याचा स्टार्च हे शब्द असायलाच हवेत. आपल्याकडे 'ग्लास नूडल्स' म्हणून मागवलं की पुष्कळदा मुगाच्या स्टार्चच्या येतात: बारीक, पांढरट, वेटोळं करून दोऱ्याने बांधलेल्या. त्या कोमट पाण्यात आठ-दहा मिनिटांत मऊ पडतात. दांगम्यॉनच्या वेळेने उकळल्या तर त्यांचा लगदाच होणार. त्याच वापरायच्या असतील तर उकळू नका. भिजवून, निथळून, अगदी शेवटी कढईत दोन मिनिटं परतून घ्या. चव जवळपास तीच येते, चावताना लागणारा तो ताण मात्र येत नाही. तांदळाच्या शेवया शिजल्यावर पांढऱ्या आणि अपारदर्शक राहतात, त्यांचं जापचे होतच नाही.

दांगम्यॉनमध्येही रुंद पट्टीसारखा एक प्रकार मिळतो. तो जिमदाकसारख्या रश्श्यात शिजणाऱ्या कोंबडीच्या पदार्थासाठी असतो आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो. दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली असतात, तेव्हा फोटो नीट बघून घ्या.

पुढचं सगळं प्रमाण चार जणांचं आहे: कोरड्या दांगम्यॉन २०० ग्रॅम, एक मोठा कांदा, एक गाजर, पालक १५० ग्रॅम, सुके शिताके मशरूम पाच-सहा, मांस १२० ग्रॅम, सोया सॉस ६० मिली, साखर २ मोठे चमचे, भाजलेल्या तिळाचं तेल २ मोठे चमचे, लसणाच्या दोन पाकळ्या, मिरपूड, भाजलेले तीळ. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. मांस कोरियात बहुधा बीफ किंवा पोर्क असतं. चिकनच्या पट्ट्या चालतात आणि मांस वगळून मशरूम दुप्पट केले तरी काही बिघडत नाही. भाज्यांत मात्र हात आखडता घेऊ नका. कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातल्या दरबारी जापचेत नूडल्स नव्हत्याच, भाज्या आणि मशरूमच होते. दांगम्यॉन त्यात विसाव्या शतकात आल्या. आजही शिजलेल्या नूडल्स आणि बाकीचं सगळं निम्मं-निम्मं असलं की ताट बरोबर दिसतं.

गठ्ठा होतो

नूडल उकळत्या पाण्यात पडली की तिच्या पृष्ठभागावरचा स्टार्च फुगतो आणि त्यातला थोडा पाण्यात उतरतो. पाणी कमी असेल तर भांड्यात चक्क खळ तयार होते. तीच खळ नूडल्सवर बसते आणि निवताना त्यांना एकमेकींना चिकटवते. चाळणीत ओतून 'भाज्या होईपर्यंत राहू दे' म्हणून दहा मिनिटं तशाच ठेवल्या की काम तमाम. साबुदाण्याची खिचडी ज्यांना मोकळी जमते त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: वरचा सुटा स्टार्च धुऊन काढायचा, आत पाणी पुरेसं मुरू द्यायचं आणि वर स्निग्धाचा हात फिरवायचा.

इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. घोटाळा होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्यावर.

पहिली, उकळून धुण्याची. २०० ग्रॅमला किमान अडीच-तीन लिटर पाणी खळखळून उकळवा. नूडल्स न भिजवता टाका आणि पहिलं मिनिटभर चिमट्याने हलवत राहा, कारण त्या चिकटतात त्या याच वेळी. नेहमीच्या जाडीच्या दांगम्यॉनला ६ ते ८ मिनिटं लागतात. सहाव्या मिनिटापासून एकेक काढून बघा. झाल्या की चाळणीत ओतून लगेच गार पाण्याखाली धरा आणि हाताने चोळा. बोटांना आधी बुळबुळीत लागतं, मग अर्ध्या मिनिटात तो बुळबुळीतपणा जाऊन नूडल बोटांत कुरकुरल्यासारखी वाटते. तिथे थांबायचं. पाच मिनिटं पूर्ण निथळू द्या, कात्रीने दोन-तीनदा कापा आणि निथळताच एक चमचा तिळाचं तेल हाताने चोळा. मग कढईत थोडं तेल, सोया सॉस, साखर आणि लसूण घालून दोन-तीन मिनिटं परता.

उकळत्या पाण्यात तेल घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. तेल वर तरंगतं आणि ओतताना थोडंफार नूडल्सना लागतं, एवढाच त्याचा उपयोग. तेच तेल निथळल्यावर चोळलं तर पूर्ण कामी येतं.

दुसरी, भिजवून सॉसमध्ये शिजवण्याची. नूडल्स साध्या, गार पाण्यात तासभर बुडवून ठेवा. दोन तास झाले तरी चालतं. गरम पाण्यात भिजवू नका, कारण बाहेरचा थर आधी शिजतो, चिकट होतो आणि आतला कोरडाच राहतो. नीट भिजलेली नूडल बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही, पण अजून धूसर दिसते. रुंद पॅनमध्ये २४० मिली पाणी, सगळा सोया सॉस, साखर आणि २ मोठे चमचे साधं तेल एकत्र उकळवा. उकळी आली की निथळलेल्या नूडल्स टाका आणि मध्यम-मोठ्या आचेवर ५ ते ७ मिनिटं खालीवर करत राहा. सुरुवातीला पॅनमध्ये रश्श्यासारखं दिसतं, मग सॉस दाट होतो, नूडल्स तपकिरी आणि चकचकीत होत जातात. उकळण्याचा बुडबुड आवाज बदलून तेलाचा चर्र आवाज यायला लागला की पाणी संपलं. लगेच एक तुकडा चावून बघा. आत कणी असेल तर पाव कप उकळतं पाणी घालून पुन्हा आटवा. झाल्या असतील तर आच बंद करून तिळाचं तेल घाला आणि मोठ्या ताटात पसरा.

कोणती निवडायची? लगेच खायचं असेल तर पहिली. नूडल्स जास्त उसळत्या लागतात. तासा-दोन तासांनी वाढायचं असेल, डब्यात न्यायचं असेल किंवा मोठा घाणा असेल तर दुसरी. त्यात चव आतपर्यंत मुरते आणि नूडल्सवर तेल-साखरेचा थर बसल्यामुळे त्या उशिरा चिकटतात. दुसरीला लक्ष मात्र द्यावं लागतं, शेवटच्या दोन मिनिटांत साखर तळाला लागू शकते. लोखंडी किंवा स्टीलच्या कढईपेक्षा नॉनस्टिक बरं.

गठ्ठा झालाच असेल तर काट्याने उपसू नका, नूडल्स तुटतात. पॅनमध्ये दोन-तीन चमचे गरम पाणी आणि अर्धा चमचा तेल घालून झाकण ठेवा, मिनिटभराने चिमट्याने हलक्या हाताने सोडवा.

बाहेरून बुळबुळीत, आतून कच्च्या

शिजलेली नूडल नखाने मधोमध कापून उजेडात धरा. मधे धूसर धागा दिसला तर आतपर्यंत पाणी पोचलेलं नाही. पूर्ण आरपार दिसत असेल आणि दोन बोटांत दाबली तर पुन्हा उसळत असेल तर झाली. दाबल्यावर चपटीच राहिली तर जास्त शिजली.

धूसर धागा राहायची कारणं साधारण तीन. नूडल्स टाकल्यावर पाणी थंड पडलं आणि पुन्हा उकळायला वेळ लागला, घड्याळ मात्र टाकल्या क्षणापासून चालू होतं. किंवा भिजवणं वीस मिनिटांत उरकलं. किंवा दुसऱ्या पद्धतीत आच फार मोठी होती, पाणी नूडल्समध्ये जायच्या आधी वाफ होऊन गेलं. उलट, तासभर भिजवून पुन्हा पाकिटावरची सगळी मिनिटं उकळल्या तर लगदा ठरलेला. भिजवलेल्या नूडल्स उकळायच्याच असतील तर तिसऱ्या मिनिटापासून चाखायला लागा.

रंग आला, चव नाही. किंवा नुसतं खारट

आपल्या किराणा दुकानातल्या डार्क सोया सॉसमध्ये बहुधा कॅरमेलचा रंग असतो. दोन चमच्यांतच नूडल्स गडद दिसतात आणि हात थांबतो, मीठ मात्र तेवढं गेलेलंच नसतं. म्हणून रंगावर जाऊ नका. हिशोब असा: २०० ग्रॅम कोरड्या नूडल्स शिजून फुगतात आणि भाज्या-मांस धरून सगळं मिळून साधारण किलोभर होतं. त्याला एक टक्का, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास मीठ हवं. बाटलीवर १०० मिलीमागे सोडियम दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ६ ग्रॅम सोडियम म्हणजे १५ ग्रॅम मीठ, म्हणजे ६० मिली सॉसमध्ये ९ ग्रॅम. उरलेलं एखादं ग्रॅम भाज्यांवरच्या चिमटीचिमटीने जातं.

कोरियन सॉस घेत असाल तर जिन कांजांग घ्या. गुक कांजांग सूपसाठी असतो. रंगाला फिका पण चवीला बराच खारट. तोच ६० मिली ओतला तर पदार्थ वाया जाईल.

तेलाचं प्रकरण आणखी फसवं आहे. कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं: गडद तपकिरी, वासाला तीव्र. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं असतं. ते चांगलंच असतं, पण जापचेला जो वास हवा तो त्यात नाही आणि जास्त ओतून तो येतही नाही. भाजलेल्या तिळाचं तेल मिळत नसेल तर ३ मोठे चमचे तीळ खमंग भाजून भरड कुटा, तेवढ्याच तेलात मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोमट ठेवून गाळून घ्या. हुबेहूब नसलं तरी जवळ जातं. निथळलेल्या नूडल्सना चोळायचं चमचाभर सोडलं तर दोन्ही तेलं आच बंद केल्यावरच घाला, कढईत तापवली की वास उडतो.

जापचे बहुधा कोमटच खाल्लं जातं आणि निवल्यावर गोडी कमी जाणवते. म्हणून गरम असताना चव किंचित पुढे वाटली पाहिजे. शेवटची चव भाज्या मिसळल्यावरच घ्या.

ताटात पाणी सुटतं

पहिला संशयित पालक. आपला मोठ्या पानांचा पालक भरपूर पाणी धरतो. उकळत्या पाण्यात ३० सेकंद, लगेच गार पाण्यात, मग दोन्ही तळव्यांत घट्ट पिळा. १५० ग्रॅमचा मुठीत मावेल एवढा गोळा उरतो. तो कापून, मोकळा करून चिमूटभर मीठ, थोडा लसूण आणि तिळाचं तेल चोळून बाजूला ठेवा. कच्चा पालक थेट कढईत टाकणं हा सोपा वाटणारा आणि हमखास फसणारा मार्ग.

कांदा, गाजर, मशरूम एकत्र परतू नका. प्रत्येकाची वेळ वेगळी. एकत्र टाकलं की कढई थंड पडते आणि भाज्या परतण्याऐवजी वाफवल्या जातात. कोरियन घरांत फिक्याकडून गडदाकडे जातात: आधी अंड्याचं पातळ धिरडं, मग कांदा, गाजर, मशरूम, शेवटी सॉसमध्ये मुरवलेलं मांस. पॅन मधे धुवायला लागत नाही आणि गाजराला मांसाचा रंग लागत नाही. सगळं पाच-सहा सेंटिमीटर लांब, काडीपेटीच्या काडीपेक्षा थोडं जाड कापा. फार बारीक केलं तर नूडल्सच्या तळाशी जाऊन बसतं. ताज्या मशरूमवर मीठ शेवटी घाला, आधी घातलं की ते लगेच पाणी सोडतात.

सुके शिताके कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून पिळून घ्या. भिजवलेलं पाणी फेकू नका, गाळून दुसऱ्या पद्धतीत साध्या पाण्याऐवजी वापरा. शाकाहारी जापचेला याने जो भरीवपणा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. कानाच्या आकाराचे काळे मशरूम घालायचे असतील तर ते काही दुकानांत 'ब्लॅक फंगस' नावाने मिळतात. नाव वाचून दचकू नका, त्या आजाराशी त्यांचा संबंध नाही. ते अर्ध्या तासात भिजतात. रात्रभर ओट्यावर भिजत मात्र ठेवू नका, त्यातून गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना आहेत.

परतलेली प्रत्येक भाजी ताटात पसरून निववा. गरम भाज्यांचा ढीग केला की वाफेचं पाणी होतं आणि तेच नंतर तळाशी दिसतं. नूडल्स कोमट, भाज्या जवळपास गार, अशा वेळी मोठ्या परातीत हातमोजे घालून हाताने मिसळा. चमच्याने गाजर खाली आणि नूडल्स वर राहतात.

फ्रिजमध्ये रबर होतं

इथे स्वयंपाक चुकलेला नसतो, हा स्टार्चचा स्वभाव आहे. शिजताना त्याचे लांब रेणू पाणी धरून मोकळे होतात. निवताना ते पुन्हा जवळ येतात, एकमेकांत घट्ट बसतात आणि धरलेलं पाणी बाहेर टाकतात. नूडल पांढरट, ताठ होते. ४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानाला, हे भराभर होतं. साखर आणि तेल ते लांबवतात, थांबवत नाहीत. म्हणून फ्रिजमधलं जापचे गार खायचंच नाही.

बरीचशी मऊ अवस्था परत आणता येते, त्याला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात. एका वाढणीला पॅनमध्ये २ ते ३ मोठे चमचे पाणी, वर जापचे, झाकण, मध्यम आच. दोन मिनिटांनी झाकण काढून हलवा. पांढरट नूडल्स एकेक करून पुन्हा काचेसारख्या होताना दिसतात. सगळ्या झाल्या की थांबा आणि अर्धा छोटा चमचा तिळाचं तेल घाला. मायक्रोवेव्हमध्ये चमचाभर पाणी शिंपडून, झाकून एक मिनिट, हलवून पुन्हा अर्धा-पाऊण मिनिट. पाणी न घालता थेट तेलात परतलं तर बाहेरून कडक, तळाला चिकटलेल्या आणि आतून तशाच ताठ राहतात.

उद्यासाठी ठेवायचं हे आधीच माहीत असेल तर नूडल्स आणि भाज्या वेगळ्या ठेवा. दोन दिवसांत संपवा. महिनाभर टिकवायचं तर एकेका वाढणीची सपाट पाकिटं करून फ्रीझरमध्ये टाका. फ्रीझरमधला कडकपणा फ्रिजपेक्षा कमी त्रासाचा असतो. वितळवायला मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, ते पाकीट थेट झाकणाच्या पॅनमध्ये.

मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नका. आधी आंबतात त्या पालक आणि कांदा. कोरियातही उन्हाळ्यात पुष्कळ जण पालक वगळून हिरवी ढोबळी मिरची किंवा तिथली लसूणपात घालतात, आपल्याकडे ढोबळी सोयीची.

मोठा घाणा

छुसक (शरदातला सण), सल्लाल (चांद्र नववर्ष) किंवा वाढदिवसाला कोरियन घरांत परातभर जापचे होतं, त्यामुळे हा प्रश्न तिथेही नेहमीचा. अर्धा किलो नूडल्स एका कढईत शिजवू नका. खालच्या गळतात, वरच्या कच्च्या राहतात. दोन घाणे करा. भांडं तेवढं मोठं असेल आणि एकाच वेळी करायचंच असेल तर सोया सॉस, साखर, तेल अडीचपट, पण पाणी ६०० मिलीऐवजी ५०० पासून सुरू करा. भरलेल्या भांड्यात पाणी कमी वेगाने उडतं. लागलं तर गरम पाणी वरून घालता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

उरलेल्यातलं थोडं बारीक कापून मांदूच्या, म्हणजे कोरियन मोमोंच्या, सारणात जातं, किंवा गरम भातावर घालून वर अर्धकच्चं अंडं ठेवलं की जापचेबाप. किममारी करायची असेल, म्हणजे समुद्री शेवाळ्याच्या किम नावाच्या कागदी पापुद्र्यात गुंडाळून पिठात बुडवून तळायचं असेल, तर गार, ताठ झालेलं जापचेच घ्या. गरम केलेलं ओलसर असतं. त्याने पापुद्रा फाटतो आणि तेलात फटाफट उडतं.